जिन्याखालची तक्रारवही

आमच्या घरात माणसं तीन आणि फोनचे पॉइंट चार होते. फोन मात्र एकच.

अण्णा, म्हणजे माझे वडील, टेलिफोन खात्यात लाइनमन होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही इंदिरानगरच्या बाजूला रो हाऊस घेतलं, तेव्हा ओटा किती उंच हवा, फरशी कुठली हवी, हे सगळं आईने बघितलं. अण्णांनी बघितल्या फक्त तारा. बिल्डरच्या वायरमनला त्यांनी सांगितलं, "लाइटीचं तू कर, फोनचं मी बघतो." मग एका सुट्टीच्या दिवशी रविवार कारंजाच्या बाजारातून स्वतःच्या खिशातून तारेचं मोठं वेटोळं आणलं. खात्याची वीतभर तारही घरी आणायची नाही, हा त्यांचा नेम होता. भिंतींना गिलावा होण्याआधी फोनसाठी वेगळे पाइप टाकून घेतले आणि हॉल, स्वयंपाकघर, त्यांची खोली आणि वरची माझी खोली असे चार पॉइंट केले.

लोक एकच तार या पॉइंटवरून त्या पॉइंटवर नेतात. अण्णांनी प्रत्येक पॉइंटची तार स्वतंत्रपणे जिन्याखाली आणली आणि तिथे एका लाकडी पेटीत चारही टोकं जोडली. एक बिघडला म्हणून बाकीचे बंद पडायला नकोत, हे त्यांचं कारण. शिवाय फोनला लागतात दोनच बारीक तारा. अण्णांनी घातली ती आठ तारांची केबल, दोन-दोन पिळून केलेल्या चार रंगीत जोड्यांची. "पुढं काय लागंल कुणाला माहीत," एवढंच म्हणाले. आई पुढे दहा-बारा वर्षं म्हणत राहिली, "दोन तारा राबतात आणि सहा बसून खातात. घरातल्या माणसांसारखंच." घरात नेमकं कोण बसून खातं हे ती सांगायची नाही, पण बघायची माझ्याकडे.

तो एकुलता एक लाल फोन आम्ही काखोटीला मारून खोलीखोलीत फिरवायचो. आई स्वयंपाकघरात असली की फोन ओट्याशेजारी, माझी परीक्षा असली की वर. गल्लीतल्या निम्म्या लोकांनी आपल्या लग्नपत्रिकांवर आमचा नंबर 'पी.पी.', म्हणजे शेजाऱ्यांचा फोन, म्हणून छापला होता. फोन आला की मी गच्चीवरून हाका मारायचे आणि मनातून चिडायचे. अण्णा चिडायचे नाहीत. कुणाची तरी लाइन लागली, कुणाचं तरी बोलणं झालं, यातच त्यांना समाधान असायचं. त्यांच्या या समाधानाचाही मला राग यायचा. मुळात मला राग यायला फार काही लागत नाही.

लग्न मी केलं नाही. का, तो इथे विषय नाही. शिक्षण झाल्यावर वरच्या खोलीत कॉम्प्युटर घेऊन मी मराठी पुस्तकं, स्मरणिका, पत्रिका यांची पानं जुळवायचं काम सुरू केलं. दोन हजारनंतरच्या दोन-तीन वर्षांत काम इतकं वाढलं, की मुद्रितं तपासायला माझ्या शाळेतल्या मराठीच्या बाई येऊ लागल्या. बाई निवृत्त झाल्या होत्या, गुडघे दुखायचे, जिना चढणं शक्य नव्हतं. म्हणून त्यांच्यासाठी खाली हॉलमध्ये दुसरा कॉम्प्युटर घेतला. बाई खाली मजकूर तपासायच्या, मी वर पानं लावायचे. मीच खाली का नाही गेले? गेले होते. हॉलमध्ये आईची मालिका, आईचं भजनी मंडळ आणि भजनी मंडळाचं माझ्या लग्नावरचं भाष्य. आठ दिवसांत मी माझा कॉम्प्युटर उचलून वर पळाले.

आता वरचा मजकूर खाली आणि खालचा वर कसा न्यायचा? फ्लॉपीवर घालून. आणि फ्लॉपी कोण नेणार? अण्णा.

अण्णा तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. पस्तीस वर्षं खांबावर चढलेल्या माणसाला दुपारी करण्यासारखं काही उरलं नव्हतं. वर्तमानपत्र संपलं की ते फाटकाशी उभे राहून रस्त्यावरचे खांब बघत बसायचे. फ्लॉपीचं काम त्यांनी स्वतःच अंगावर घेतलं. मी वरून "अण्णा!" म्हटलं की ते जिन्यात. बाईंनी खालून "झालं हो" म्हटलं की ते जिन्यात. दिवसातून तीस-चाळीस खेपा. फ्लॉपी शर्टाच्या खिशात, खिशाला बटण लावलेलं, चेहऱ्यावर सरकारी कामाचा भाव. मी त्यांना 'टपाल खातं' म्हणून चिडवायचे, तेव्हा ते गंभीरपणे सांगायचे, "टपाल वेगळं, तार वेगळी, आन् फोन वेगळा."

मध्ये काही फ्लॉप्या बिघडायला लागल्या. वर नीट असलेली फाइल खाली उघडायची नाही. मी दुकानदाराशी भांडले, फ्लॉप्या बदलून आणल्या, त्याही बिघडल्या. मग एके दिवशी आईने धुवायला घेतलेल्या शर्टाच्या खिशातून अण्णांचा स्क्रू-ड्रायव्हर निघाला. उंचावर स्क्रू हातातून पडू नये म्हणून लाइनमन टोकाला लोहचुंबक असलेला स्क्रू-ड्रायव्हर ठेवतात. निवृत्त झाले तरी तो रोज सकाळी त्यांच्या खिशात जायचा, आणि फ्लॉपी त्याच खिशात. चुंबकाशेजारी बसून माझी पानंच्या पानं पुसली गेली होती. मी बोलायचं ते सगळं बोलले. अण्णांनी स्क्रू-ड्रायव्हर दुसऱ्या खिशात हलवला आणि खेपा चालू ठेवल्या.

त्या पावसाळ्यात त्यांच्या छातीत दुखलं. आठ दिवस दवाखान्यात राहून आले. डॉक्टरांनी सांगितलं, जिना दिवसातून दोनदा, फार तर तीनदा. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी बघितलं, तर अण्णा सातव्या पायरीवर कठड्याला धरून उभे, धापा टाकत, खिशात फ्लॉपी. मी ओरडले. ते म्हणाले, "थांबत थांबत येतो की." मी फ्लॉप्या लपवल्या, तर त्यांनी बाईंकडून घेतल्या. मी स्वतः खाली जायला लागले, तर मी उठायच्या आत ते जिन्यात. त्यांच्या हातातून ते काम काढून घ्यायचं कसं, हे मला कळेना, आणि नाही काढलं तर काय होईल, हे मला चांगलं कळत होतं.

म्हणून मी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या माणसाला बोलावलं. दोन्ही कॉम्प्युटर तारेने जोडून टाक, म्हटलं. त्याने घर बघितलं आणि जिन्याच्या कडेने, हॉलच्या भिंतीवरून पांढरी प्लॅस्टिकची पट्टी मारून तार नेऊ, असं सांगितलं.

"भिंतीत तार असताना भिंतीवरनं तार?" अण्णा म्हणाले.

"काका, ती फोनची तार. त्यातनं कॉम्प्युटरचं काम नाही होत."

अण्णांनी त्याला हाताला धरून जिन्याखाली नेलं आणि पेटी उघडून दाखवली. चार केबली, प्रत्येकीत आठ तारा, चार पिळलेल्या जोड्या, प्रत्येक पॉइंटपासून सरळ इथवर. त्या माणसाने वाकून तारांचे पीळ निरखले. वेग कमी ठेवला तर कदाचित चालेल, असं त्याने कबूल केलं. त्याने हिरव्या दिव्यांचा एक छोटा डबा दिला, तो पेटीत बसवायचा आणि वरची केबल आणि हॉलची केबल त्यात लावायची. केबलींच्या टोकांना लावायचे प्लग, ते दाबायचं हत्यार आणि कुठला रंग प्लगच्या कुठल्या घरात घालायचा याचं चित्र असलेला कागद देऊन तो गेला. "जमलं तर ठीक. नाही तर सोमवारी येऊन पट्टी मारतो."

तो गुरुवार होता. आणि निफाडच्या द्राक्ष बागायतदारांसाठीची फवारणीची पुस्तिका मला सोमवारीच छापायला द्यायची होती. ऑक्टोबरच्या छाटणीआधी ती बागायतदारांच्या हातात पडली नसती, तर तिचा उपयोग फक्त रद्दीला झाला असता.

अण्णांनी फोन स्वयंपाकघरातल्या पॉइंटवर ठेवला आणि वरची आणि हॉलची अशा दोन केबली मोकळ्या केल्या. मग चष्मा लावून ते जिन्याखाली मांडी घालून बसले. त्या दिवशी मी त्यांना खूप दिवसांनी शीळ घालताना ऐकलं. तासाभरात त्यांनी चारही टोकांना प्लग लावले, दुसऱ्या टोकांचे प्लग कॉम्प्युटरच्या पाठीमागे बसवले आणि डब्याचं बटण दाबलं. दोन हिरवे दिवे लागले. आईने साखर हातावर ठेवली. सहा तारा बसून खात होत्या, त्यांनाही आज काम लागलं, असं ती म्हणाली.

दिवे लागले, पण फाइल जाईना. चार ओळींची असली तर जायची. पानभराची असली तर निम्म्यात अडकायची आणि मोठी असली तर सगळंच गप्प व्हायचं. आणि दिवे हिरवेच. शुक्रवारी अण्णांनी सगळे प्लग कापून नवे लावले. तेच. शनिवारी पुन्हा. तेच. आणि या तीन दिवसांत पुस्तिका जायची होती म्हणून अण्णांच्या खेपा चालूच राहिल्या.

शनिवारी दुपारी ते वर आले. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. खिशाचं बटण काढून फ्लॉपी माझ्यापुढे ठेवली आणि हसले. अगदी मनापासून हसले. ते हसणं बघून माझ्या डोक्यात काहीतरी फिरलं.

"अण्णा, तुम्ही मुद्दाम लाइन नीट लावली नाही," मी म्हणाले. "तुम्हाला हा जिना सुटायला नकोय. पस्तीस वर्षं अख्ख्या शहराच्या लाइनी लावल्यात आणि घरातली एक लागत नाही तुमच्याच्यानं? मला खोटं वाटतं."

अण्णा चांदवडकडचे. शहरात आयुष्य गेलं, पण मनाला लागलं की बोली परत यायची. "मी तारेशी लबाडी करीन?" ते म्हणाले. "तू काय बोलती, तुला तरी कळतंय का?" मग एकेक पायरी उतरत खाली गेले. त्या दिवसापुरत्या खेपा तिथेच थांबल्या. मला हवं होतं ते झालं होतं, आणि मी खुर्चीत बसून रडत होते.

रविवारी काय झालं ते मला नंतर बाईंनी सांगितलं. पुस्तिकेमुळे बाई रविवारीही आल्या होत्या. अण्णा सकाळपासून जिन्याखाली बसलेले, चहाही तिथेच थंड झालेला. बाईंनी विचारलं तेव्हा अण्णांनी त्यांच्यापुढे तो रंगांचा कागद धरला आणि म्हणाले, "बाई, हे चित्र काढणाऱ्यानं चूक केलीया. मी ती दुरुस्त करून तारा घातल्या, तरी लाइन चालंना."

चूक ही, की चित्रात नारिंगी जोडी शेजारी-शेजारी होती, तपकिरी जोडी शेजारी-शेजारी होती, पण हिरवीची एक तार एका घरात आणि तिची जोडीदारीण तीन घरं पलीकडे दाखवली होती. मध्ये निळी जोडी घुसवलेली. जोडी फोडायची नाही, हे लाइनमनला पहिल्या दिवशी शिकवतात. जोडी फुटली की एकाचं बोलणं दुसऱ्याच्या फोनवर ऐकू येतं. अण्णांनी पस्तीस वर्षांत एकही जोडी फोडली नव्हती. म्हणून त्यांनी तीनदा प्लग लावले आणि तिन्ही वेळा चित्रातली 'चूक' सुधारून, चारही जोड्या शेजारी-शेजारी बसवून लावले.

बाईंनी चष्मा सारखा करून कागद तपासला, आमच्या वह्या तपासायच्या तसा. म्हणाल्या, "मुद्रणदोष असता तर एका ठिकाणी असता. इथे दोन प्लगची दोन वेगळी चित्रं आहेत आणि दोन्हीत नेमकी तीच चूक आहे. तीच चूक माणूस सारखी सारखी करत असेल, तर ती चूक नसून त्याचा नियम असतो. तो नियम काय असेल ते बघा."

अण्णांनी डब्यातल्या खाचेत डोकावून पितळी पट्ट्या मोजल्या. त्या चारच होत्या, पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि सहाव्या घरात. त्यांनी कागदाकडे बघितलं, आणि कपाळावर हात मारला. डब्याच्या दृष्टीने तिसरं घर आणि सहावं घर हीच जोडी होती. चित्रात जोडी फुटलेली नव्हतीच, नुसती लांब बसवलेली होती. फोडली होती ती अण्णांनीच, शेजारी बसवून. "लग्नात नवरा-बायको वेगवेगळ्या पंगतीला बसले, म्हणून काय जोडी मोडली?" असं स्वतःलाच म्हणत त्यांनी चारही प्लग चौथ्यांदा कापले.

मी वर कामात होते. म्हणजे कामात असल्यासारखं करत होते. दुपारी पडद्यावर अख्खी पुस्तिका उतरली. चित्रांसकट, पानंच्या पानं, चहा प्यायच्या आत. जिन्यात पाऊल वाजलं नाही. खालून अण्णांचा आवाज आला, खांबावरून यायचा तसा, "चालू झाली का लाइन?"

"झाली," मी वरूनच म्हणाले.

मी खाली जायला हवं होतं. मी चुकले हे मला शनिवारी ते चौथी पायरी उतरले तेव्हाच कळलं होतं. पण आमच्या घरात माफी मागायची पद्धत नव्हती, चहा पुढे करायची होती. संध्याकाळी मी चहा पुढे केला, त्यांनी तो घेतला, आणि झालं गेलं गंगेला मिळालं असं मी धरून चालले.

पुस्तिका वेळेवर गेली. सोमवारी पट्टी मारायला आलेला माणूस पेटीपुढे उकिडवा बसून राहिला आणि जाताना अण्णांच्या पाया पडला. मला भीती होती ती आता अण्णा पुन्हा फाटकाशी उभे राहतील याची. पण त्यांनी मला विचार करायला वेळच दिला नाही. कुठल्याशा जुन्या डायरीत पट्टीने रकाने आखले: तारीख, तक्रार, दोष, निवारण, सही. डायरी जिन्याखालच्या पेटीवर दोरीने बांधली. "इथून पुढं तोंडी तक्रार चालणार नाय," त्यांनी जाहीर केलं. "वहीत लिवायचं. लाइन चालू झाली की सही करायची. सहीबिगर तक्रार बंद होत नसती."

खात्यात हीच रीत होती. दुरुस्ती झाली की ग्राहकाची सही, फोन चालू मिळाला म्हणून. तोवर काम कागदावर उघडंच.

मग आमच्याकडे खरंच तक्रारी येऊ लागल्या. झुरळाने प्लग कुरतडला. केर काढताना आईचा झाडू लागून डब्याचं बटण बंद झालं. त्याची नोंद 'दोष: झाडू' अशी आहे. बाई तर अधूनमधून सगळं नीट चालू असतानाही तक्रार नोंदवायच्या, 'लाइन मंद वाटते' म्हणून. अण्णा तपासायचे, तारा हलवायचे, 'निवारण केले' लिहायचे, आणि बाई लफ्फेदार सही करायच्या. फोनवर इंटरनेट चोवीस तास यायला लागलं, तेव्हा अण्णांनी तेही त्याच पेटीत आणून त्याच तारांवर चढवलं. मी दिवसातून चार-पाचदा स्वतः खाली यायचे, उघडलेल्या पानावर सही करायचे, त्यांच्याशेजारी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून चहा प्यायचे. ती पाच-सहा वर्षं फार बरी गेली. मला तेव्हाही ते कळत होतं, हे माझ्या बाबतीत विशेष.

पुढे बिनतारी डबा आला. कॉम्प्युटर खाली असो की वर, तारेची गरजच उरली नाही. अण्णांच्या डोळ्यांना मोतीबिंदू झाला होता, बारीक तारांचे रंग ओळखू यायचे नाहीत. मी त्यांना नवा डबा दाखवला तेव्हा मला वाटलं, वाईट वाटेल. ते डब्याला हात लावून म्हणाले, "ह्याला कोण चढून दुरुस्त करणार?" आणि हसले. तारा भिंतीत राहू देत, इतकंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून जिन्याखाली बसले आणि मला हाक मारली. डायरीची दोरी सोडली होती.

"चार्ज घे," म्हणाले.

"कसला चार्ज, अण्णा?"

"खात्यात चार्ज दिल्याबिगर माणूस सुटत नाय. हत्यारं ही. पेटीची किल्ली ही. वही ही. पेंडिंग काय नाय." वही माझ्या हातात दिली. "एक सोडून. पहिलं पान बघ."

मी नेहमी उघडलेल्या पानावर सही करायचे. पहिलं पान मी कधी उघडलंच नव्हतं. ते उघडलं. पट्टीने आखलेले रकाने, अण्णांचं गोल, सावकाश अक्षर. तारीख त्या शनिवारची. तक्रार: लाइनमनने लाइन मुद्दाम बिघडवली आहे. दोष: मुद्दाम नाही. जोडीचा क्रम चुकला. निवारण: रविवारी दुपारी दुरुस्त केली. सही: कोरी.

इतकी वर्षं ते त्या वहीत माझ्याकडून सह्या घेत होते, आणि ही एक त्यांनी मागितली नव्हती. माझे डोळे भरून आले आणि अक्षरं पुसट झाली. त्यांनी खिशातून पेन काढून पुढे केलं. त्याच खिशातून, बटण काढून.

"माझं चुकलं, अण्णा," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाले. आणि सही केली.

त्यांनी वही डोळ्यांजवळ नेऊन सही तपासली.

"तारीख टाक खाली," ते म्हणाले.

"तेव्हाची?"

"आजची. सही आज केली ना."